काचेच्या आतली भिंगरी

भिंगरीला हळू चालता येत नव्हतं. जन्मापासूनच नाही. दिवस भरायच्या आधीच ती या जगात आली होती. बाबा म्हणायचे, "दार वाजवायलासुद्धा थांबली नाही, सरळ आत!" जिना ती उड्या मारतच चढायची, चहाची वाफ विरायच्या आत कप रिकामा करायची, आणि बोलायला लागली की तिचे हात शब्दांच्या पुढे धावायचे. तिचं खरं नाव आता फक्त कागदावर उरलं होतं. घरीदारी, आळीत, कारखान्यात, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, भिंगरी.

आणि या भिंगरीने शिक्षण निवडलं होतं ते असं, की जिथे नुसता हात झटकला तरी लोक दचकतात.

शाळा संपली आणि औषधं बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला शिकाऊ म्हणून घेतलं. आठवड्यातला एक दिवस कॉलेज, बाकीचे दिवस कारखाना, आणि शेवटी औषधनिर्मितीच्या इंजिनिअरिंगची पदवी. दिवसा यंत्राचे नटबोल्ट, संध्याकाळी त्याच यंत्राचं गणित. बाबा ॲम्ब्युलन्स चालवायचे. ते सुरुवातीला कुरकुरले होते.

"दोन दगडांवर पाय ठेवू नये गं पोरी. शिकायचं तर शीक, नाहीतर नोकरी कर."

"तुम्ही नाही का एक पाय क्लचवर ठेवत आणि एक ॲक्सिलरेटरवर? गाडी चालतेच ना?"

 खालच्या मजल्यावर आईचं पार्लर होतं, तिथून, कुणाच्यातरी डोक्यावर कात्री धरून, आईच ओरडली होती, "घ्या! वाजवा आता सायरन!"

कारखान्यात तर भिंगरीला रोज नवं खेळणं. पाणी इतकं शुद्ध करायचं, की त्यात चव म्हणून काही उरत नाही. हवासुद्धा गाळून घ्यायची, चहा गाळावा तशी. हे सगळं ती घरी येऊन सांगायची तेव्हा भाजी करपायची आणि तरी आई गॅस बंद करायला उठायची नाही.

यंदा कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या भरायचं नवं यंत्र आलं. अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या रांगेने येणार, सुई खाली येऊन त्यात औषध सोडणार, आणि लगेच वर रबरी बूच बसणार. ही बुचं एका थरथरत्या वाडग्यातून गोल गोल चढत येणार. जुन्या यंत्रात शंभरात एखादं उलटं निघायचं, आणि एक उलटं निघालं की मागची सगळी रांग तुंबायची. शिकाऊ मुलांना पदवीसाठी एकेक अडचण सोडवायला दिली होती. भिंगरीच्या वाट्याला आलं हे उलटं बूच.

ती वर्कशॉपमधल्या जुन्या वाडग्यापुढे तासन्‌तास बसली. जेवणाच्या टेबलावर बाटल्यांची झाकणं घरंगळवून बाबांचं ताट झाकणांनी भरून टाकलं. आणि एके दिवशी तिला सापडलं: वाटेत एक पट्टी, पट्टीला एक छोटी खाच. सरळ बूच त्या खाचेवरून डौलात पुढे जायचं. उलट्याचा तोल मात्र जायचा, आणि ते कलंडून परत वाडग्यात.

लेथवाल्याने पट्टी करून दिली. त्याच जुन्या वाडग्यावर लावून पाहिली तेव्हा तिच्याबरोबरचा शिकाऊ, मान उंच आणि खांदे पडलेले म्हणून ज्याला सगळे उंट म्हणायचे, तो खदखदून हसला.

"अगं, ही तर आमच्या शाळेच्या गेटवरची बाई! शर्ट उलटा घातलास? चल, घरी परत!"

आता ती पट्टी नव्या यंत्रावर बसली होती. यंत्र पहिल्यांदा चालणार होतं. नियम असा, की ज्याने भाग बनवला त्याने यंत्राजवळ उभं राहून तो चालताना पाहायचा, आणि मग स्वतःच्या हाताने अहवाल लिहायचा. पण यंत्र होतं काचेच्या आत, निर्जंतुक खोलीत. तिथली औषधं थेट शिरेत जायची. पोटात जंतू गेला तर पोट त्याच्याशी भांडतं. शिरेला भांडता येत नाही. म्हणून त्या खोलीत जाणाऱ्याची आधी परीक्षा. टोपी, मुखपट्टी, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, बूट, चष्मा, हातमोजे, सगळं ठरलेल्या क्रमाने चढवायचं. बाहेरच्या बाजूला बोट लावायचं नाही, जमिनीला पोशाख टेकू द्यायचा नाही. मग कपाळावर, मानेवर, छातीवर, बाहीवर, बोटांवर जेलीच्या तबकड्या हलकेच दाबायच्या. ही जेली म्हणजे जंतूंचं पंचपक्वान्न. तबकड्या उबदार कपाटात ठेवायच्या आणि वाट बघायची. ठिपके उगवले तर नापास.

त्या तबकड्या सांभाळायच्या प्रयोगशाळेतल्या बाई. तबकडीत जे उगवेल ते त्या इतक्या कौतुकाने बघायच्या, की सगळा कारखाना त्यांना माळीणबाई म्हणायचा.

"ये गं ये," पहिल्या चाचणीनंतर त्या म्हणाल्या होत्या, "तुझी बाग बघ. बोटांवर काय बहर आलाय!"

निर्जंतुक खोलीच्या प्रमुख मॅडम मागे हात बांधून उभ्या होत्या. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, पाय कधी वाजायचा नाही. "तू पोशाख घालत नव्हतीस," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी कुस्ती खेळत होतीस. धावलीस की हवा ढवळते, आणि हवा ढवळली की तळाशी बसलेलं सगळं वर येतं. तीन संधी असतात. एक गेली."

मग भिंगरीने हळू चालायला शिकायचं ठरवलं, आणि ठरवलं तेही इतक्या घाईने, की त्याच संध्याकाळपासून घरात सुरुवात. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला तिला एवढा वेळ लागला, की बाबांच्या हातातलं पाण्याचं भांडं पुढे केलेलंच राहिलं.

"चालत येतेयस का पोहत?"

"बोलू नका हो बाबा. मी मनातल्या मनात तोल सांभाळतेय."

"मग पाणी पण मनातच पी."

पार्लरमधल्या बायका जिन्याकडे बघत राहायच्या. भिंगरी उतरायची, हात छातीशी जोडून, कोपरं अंगाला चिकटवून, जसा काही डोक्यावर काठोकाठ भरलेला हंडा. एकीने आईला हळूच विचारलं, "पोरगी बरी आहे ना हो?" आई म्हणाली, "बरी आहे. इंजिनिअर होतेय."

दुसऱ्या चाचणीच्या सकाळी आईने पदर खोचला. म्हणजे पदर नव्हताच, पार्लरचा काळा ॲप्रन होता, पण तिने तो खोचला पदरासारखाच. खरखरीत घासणी घेतली, घट्ट मलई घेतली, आणि लेकीला मानेपासून मनगटापर्यंत, कपाळापासून कानामागपर्यंत असं चोळलं, असं चोळलं, की भिंगरी लालबुंद झाली.

"आई, कातडं ठेव गं थोडं!"

"गप्प बस. आज माझी लेक अशी चकचकीत जाईल, की जंतू चढायला गेले तर घसरून पडतील!"

त्या दिवशी भिंगरीने पोशाख घातला तो गोगलगाईला लाज वाटावी असा. मॅडमनी काचेतून मान डोलावली. उंटाचीही त्याच दिवशी चाचणी होती. तो आला तो जांभया देतच.

तबकड्या बाहेर आल्या. उंटाच्या स्वच्छ. भिंगरीची बोटं स्वच्छ, पण कपाळ, मान, बाही, सगळीकडे ठिपकेच ठिपके.

"पहिल्या वेळी बाग होती," माळीणबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "आता मळा झालाय."

"मी चाचणीच्या दिवशी आंघोळसुद्धा केली नव्हती," उंट कुजबुजला, "कुणाला सांगू नकोस."

भिंगरीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याची मान खरोखरच आणखी लांब झाली. "म्हणजे बिनआंघोळीच्याचं शेत ओसाड, आणि घासूनपुसून आलेल्या माझ्या अंगावर पीक?"

मॅडमनी तबकडी उजेडात धरून पाहिली. "चाल सुधारली. बोटं सुधारली. पण पुढच्या आठवड्यात यंत्र सुरू होतंय, कुणासाठी थांबणार नाही. तिसरी चाचणी दे. जमलं तर आत. नाहीतर तुझ्या पट्टीजवळ उंट उभा राहील, अहवाल तो लिहील, आणि तू काचेबाहेरून बघ."

"मॅडम, मी नाही उभा राहणार," उंट म्हणाला.

"तुला विचारलं नाही."

घरी जाताना भिंगरीचे पाय जड झाले होते. हळू चालायला आता मुद्दाम काही करावंच लागत नव्हतं. आपली पट्टी, आपली खाच, आणि आपण काचेला नाक लावून उभ्या! तिने मनातल्या मनात काचेवर वाफ धरलेलीसुद्धा पाहिली. पण भिंगरीचं दुःख कसं, तर उन्हाळ्यातल्या ओल्या फरशीसारखं. बघता बघता वाळायचं. पार्लरच्या दारात ती थबकली.

मावळतीचं ऊन खिडकीतून तिरकं आत आलं होतं. आई एका बाईचा हात चोळत होती, त्याच घासणीने, त्याच मलईने. मलई पुसून झाली, हात वाळला, बाईंनी सहज बाही खाली ओढली, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात पांढरी बारीक धूळ अशी उडाली, अशी उडाली, की जणू कुणी पिठाची चाळणी हलवली.

भिंगरीने हातातली पिशवी तिथेच सोडली.

"आई! थांब! हलू नकोस! काकू, तुम्ही पण हलू नका!"

"अगं बाई, पाल आहे का?" काकू खुर्चीवर पाय घेऊन बसल्या.

"पाल नाही, कातडी! आई, हे काय उडतंय?"

"काय उडणार? मेलेली कातडी. चोळलं की निघते, मग दिवसभर थोडी थोडी गळत राहते."

भिंगरीने डोक्याला हात लावला, आणि मग त्याच हाताने टाळी वाजवली. काकू गेल्याबरोबर तिने पडदे ओढले, बाबांच्या गाडीतला मोठा टॉर्च आणवला, टेबलावर काळा ॲप्रन पसरला आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे केले.

"आई, डावा चोळ. अगदी परवासारखा. उजव्याला बोट लावू नकोस."

"आता आणि कशाला चोळू? नापास झालीस ना?"

"म्हणूनच!"

आईने चोळलं. हात वाळू दिला. बाबांनी टॉर्च धरला, एका गुडघ्यावर बसून, अपघाताच्या जागी धरावा तसा गंभीरपणे. भिंगरीने उजवी बाही खालीवर केली. उजेडात दोन-चार कण तरंगले. मग डावी. आणि उजेडात नुसता धुरळा उठला.

"अरे वा," बाबा म्हणाले, "वाळूचा ट्रकच गेला की!"

"बघितलंत? इतकी घासली, की अंगावरची सगळी मेलेली कातडी सैल झाली. पोशाखाच्या आत मी नुसती भुरभुरत होते. गळ्यातून, बाहीतून, कपाळावरून. आणि प्रत्येक कणावर जंतू स्वार! उंटाच्या अंगावर सगळं चिकटून बसलेलं, म्हणून तो पास!"

आई खुर्चीवर बसली. घासणीकडे बघत राहिली. "म्हणजे तुला मी नापास केलं?"

भिंगरी तिच्या पायाशी बसली. "तुझा हात फार मायेचा आहे गं. कातडीसुद्धा अंगावरून सुटून त्याच्या मागे जाते."

आईने तिला एक चापट मारली, आणि मग बराच वेळ तो हात तिच्या डोक्यावरून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरी माळीणबाईंकडे धावली. माळीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नांगरलेल्या रानातून चालल्यावर धूळच उठणार. घास नको, ओल धर. साधं मलम लाव रोज, आणि आंघोळ आदल्या संध्याकाळी कर. बाकी तुझं तू बघ. मी तबकडीच्या बाजूची आहे, तुझ्या नाही."

"माहितीय," भिंगरी म्हणाली, "पण तुमचा डोळा हसतोय."

"तो चष्म्यामुळे दिसतो तसा."

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी ती पोशाखाच्या खोलीत उभी राहिली. एवढा आनंद, एवढी भीती, आणि पाय म्हणत होते पळ. बोलायची तर मनाई. बोललं की तोंडातून तुषार उडतात. मग तिने मनातल्या मनात एक ओळ धरली. जात्यावर बसल्यासारखी, एका लयीत, श्वासाला बांधून.

*हळूहळू चाल रे पाया, वारा निजला निजू दे,*
*अंगामधली धांदल माझी अंगामध्येच थिजू दे.*

टोपी चढली. ओळ पुन्हा. मुखपट्टी चढली. ओळ पुन्हा. पांढरा पोशाख तिने घडीसकट धरला, झोपलेल्या बाळाला अंगडं घालावं तसा, आणि स्वतःच त्यात अलगद शिरली. खोली दुभागणाऱ्या बाकाच्या अलीकडे एक पाय, एक पलीकडे. बूट. चष्मा. हातमोज्यांनी बाहीची कड हलकेच पोटात घेतली. आरशात पाहिलं तर भिंगरी कुठेच नव्हती. दोन डोळे होते, आणि ते मात्र नाचत होते. डोळ्यांना कुणी नियम लावला नव्हता.

तबकड्या दाबल्या गेल्या. टप, टप, टप. उबदार कपाटाचं दार मिटलं.

वाट बघण्याचे दिवस कसे गेले ते आईला विचारावं. भिंगरीने घरातली सगळी बिजागरं तेलाने पुसली, बाबांच्या गाडीचा आरसा दोनदा बसवला, आणि कॉलेजात सरांनी हवेच्या प्रवाहाबद्दल एक प्रश्न विचारला तर तीन उत्तरं दिली. तिसरं बरोबर होतं.

शेवटी माळीणबाईंचा निरोप आला. त्यांनी तबकड्या टेबलावर एका ओळीत मांडल्या होत्या. जेली नितळ, चंद्राच्या चकत्यांसारखी. भिंगरी वाकली. कपाळ. मान. छाती. बाही. बोटं. कुठेही काही नाही.

"आज माझी बाग ओसाड पडली," माळीणबाई उसासा टाकत म्हणाल्या. "लाज वाटते का काही?"

भिंगरीने अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या खोलीत कुणाच्यातरी हातातला पेला पडला. ती बोळातून धावली, वळणावर उंटाला आदळली, त्याचे दोन्ही हात धरून गरगर फिरली. मॅडम समोरून येत होत्या, नेहमीसारख्या, पाऊल न वाजवता. त्या थांबल्या.

"फिरून घे," त्या म्हणाल्या. "काय उड्या मारायच्या त्या आज इथेच मार. उद्या आत एकही चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी दार सरकलं आणि भिंगरी आत गेली.

केवढी स्वच्छता ती! उजेडाला सावली नव्हती. छतातून हवा सरळ खाली उतरत होती, अंगावर मलमल सोडावी तशी. मधोमध यंत्र उभं होतं, चकचकीत, अजून कुणाच्या उपयोगी न पडलेलं. आज बाटल्यांत औषध नव्हतं. जंतूंना आवडेल असं पोषक पाणी होतं. ते नंतर गढुळलं नाही तरच यंत्राने खरं औषध भरायचं. भिंगरी आपल्या पट्टीपाशी उभी राहिली, हात छातीशी. शेजारी मॅडम, त्याही नुसत्या डोळ्यांच्या.

यंत्र सुरू झालं. बाटल्या टिकटिकत आल्या. वाडगं थरथरलं, आणि बुचं चढू लागली, राखाडी, गुबगुबीत, एकामागे एक, शाळा सुटल्यावर पोरं यावीत तशी. सरळ, सरळ, सरळ. खाचेवरून डौलात पुढे, आणि टक्‌कन बाटलीच्या डोक्यावर. भिंगरीचा श्वास त्यांच्याबरोबर चालू लागला.

आणि मग पहिलं उलटं बूच आलं.

ते तिला दुरूनच दिसलं. पाय वर करून निवांत येत होतं. खाचेपाशी आलं, झुकलं, आणि अडलं. वर्कशॉपमधली बुचं कोरडी होती. ही वाफेने निर्जंतुक केलेली, जराशी चिकट. ना पुढे, ना खाली. मागचं बूच त्याला टेकलं. त्याच्या मागचं टेकलं. रांग दाटू लागली.

भिंगरीच्या बोटात वीज भरली. एक टिचकी. नुसती एक टिचकी! पण हात पुढे गेला की तो उघड्या बाटल्यांवरून जाणार, आणि मग त्या सगळ्या बाटल्या बाद. मॅडमचे डोळे बुचावर नव्हते. ते भिंगरीच्या हातावर होते.

भिंगरीने हात छातीशी आणखी घट्ट धरले. पडेल, तिने स्वतःला सांगितलं. खाच मी मोजून काढलीय. मागून रेटा आला की त्याचा तोल जाईलच. थांब. जन्मात पहिल्यांदा थांब.

वाडगं थरथरलं. बूच थरथरलं. मागून आणखी एक येऊन टेकलं. उलटं बूच किंचित उचललं गेलं, झोपेत कूस बदलावी तसं हललं, आणि कलंडून खाली, वाडग्यात. रांग मोकळी झाली. टक्‌. टक्‌. टक्‌.

भिंगरीच्या पायांना उडी मारायची होती. तिने ती मारली नाही. उडी घोट्यातून गुडघ्यात आली, गुडघ्यातून पोटात, पोटातून गळ्यात, आणि शेवटी डोळ्यांतून बाहेर पडली ती चष्म्याच्या आतच राहिली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि पापण्या मिटून उघडल्या, अगदी सावकाश. त्या खोलीत याहून मोठी शाबासकी नव्हती.

काचेबाहेर उंट तिच्या वाटच्या उड्या मारत होता. त्याची मान वर, खाली, वर, खाली. शेजारी माळीणबाई त्याला एका हाताने आवरत होत्या आणि दुसऱ्या हाताने स्वतःच काच वाजवत होत्या. आत त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं.

वाडग्यातून आणखी एक उलटं बूच वर चढू लागलं होतं. भिंगरी वाकली, हळू, खूप हळू, आणि ते जवळ येण्याची वाट बघत राहिली.